कुमिते

कुमिते : कराटे या निःशस्त्र युद्धविद्येतील, दोघांनी परस्परांसमोर उभे राहून करावयाचा लढतसराव. कराटेच्या शिक्षणाची तीन अंगे मानली जातात : ‘किहोन’ म्हणजे ठोसे, लाथा, अडवणुका व पवित्रे यांची मूलभूत घोटणी, ‘काता’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याला उद्देशून एकट्याने करावयाची क्रमबद्ध हालचालींची मालिका, आणि ‘कुमिते’ म्हणजे प्रत्यक्ष जोडीदाराबरोबरचा सराव. पहिल्या दोन अंगांत विद्यार्थ्याला विरोध करणारे कोणी नसते. विद्येचा कस लागतो तो तिसऱ्या अंगात. परंतु मारण्यासाठी निर्माण झालेली विद्या जोडीदाराला न मारता कशी शिकवावी, हा प्रश्नही याच अंगात उभा राहतो. त्याची जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांतून कुमितेचे वेगवेगळे प्रकार व त्यांविषयीचे मतभेद निर्माण झाले. त्यांपैकी गुणांसाठी खेळली जाणारी लढत आणि प्रत्यक्ष हाणामारीची तयारी यांतील अंतर हा सर्वांत महत्त्वाचा मतभेद होय.

प्रकार : कुमितेचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पूर्वयोजित कुमितेमध्ये कोण, कोठे व कशाने हल्ला करणार हे आधीच ठरलेले असते. त्यात पाच, तीन वा एक पाऊल पुढे येऊन ठरलेला हल्ला केला जातो व प्रतिस्पर्धी त्याची अडवणूक करून शेवटी प्रतिहल्ला करतो. अर्धमुक्त कुमितेमध्ये हल्ल्याचे लक्ष्य जाहीर केले जाते. मात्र त्याचा क्षण व त्यासाठी साधावयाचे अंतर हल्ला करणारा स्वतः निवडतो. मुक्त कुमितेमध्ये यांपैकी काहीही ठरलेले नसते. मुक्त कुमितेचेही तीन प्रवाह आढळतात : आघात लक्ष्याच्या अलीकडे थांबवून वा हलका ठेवून गुण मिळविण्याची गुणलढत; उघड्या हातापायांनी शरीरावर पूर्ण ताकदीने आघात करण्याची पूर्णस्पर्शी लढत; आणि मुखजाळी, छातीकवच, हातमोजे इ. संरक्षक साधने घालून करावयाची लढत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कराटेचा उगम र्‍यूक्यू द्वीपसमूहातील ओकिनावा बेटावर झाला. तेथील स्थानिक हस्तयुद्धात चिनी मुष्टियुद्धपद्धतींचे मिश्रण होऊन शुरी, नाहा व तोमारी या गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या परंपरा तयार झाल्या. या परंपरांत शिक्षणाचा भर मुख्यतः कातावर व त्यातील हालचालींचा अर्थ जोडीदाराबरोबर उलगडून पाहण्यावर असे. विसाव्या शतकाच्या आरंभी आंको इतोसू (१८३१–१९१५) यांनी ही विद्या ओकिनावातील शाळांत नेली. मोठ्या वर्गाला एकाच वेळी शिकविता यावे म्हणून तिचे कवायतीसारखे रूप पुढे आले आणि प्राणघातक अर्थ मागे पडत गेले. सार्वजनिक शिक्षणात शिरताना युद्धविद्येला काही टाकून द्यावे लागते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखविले व पुढे तेथेच राहून तिचा प्रसार केला. फुनाकोशी हे शिक्षक होते. कराटे हे चारित्र्यसंवर्धनाचे साधन आहे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे मुक्त लढतींना आणि स्पर्धांना त्यांचा विरोध होता. त्यांचेच समकालीन चोकी मोतोबू (१८७०–१९४४) यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. प्रत्यक्ष मारामारीत विद्येची पारख करणारे म्हणून ते प्रसिद्ध होते व १९२६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पुस्तक मुख्यत्वे कुमितेविषयीच होते. पुढील शंभर वर्षांच्या वादाच्या दोन्ही बाजू या दोन व्यक्तींच्या रूपाने आरंभीच समोर आल्या होत्या.

फुनाकोशींचे बहुतेक शिष्य विद्यापीठांतील तरुण होते. ज्यूदो व केंदो या विद्यांत जोडीदाराशी चुरशीने झुंजता येते, मग कराटेत केवळ काता का करावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यापीठांच्या मंडळांमध्ये परस्पर भेटीच्या निमित्ताने लढती होऊ लागल्या. त्यांना निश्चित नियम नसल्याने दात पडणे, नाक वा बरगडी मोडणे असे प्रकार घडत. या अनुभवातून नियमबद्ध स्पर्धेची गरज भासू लागली. जपान कराटे संघटनेने १९५७ मध्ये टोकियो येथे पहिली अखिल जपान स्पर्धा भरविली. फुनाकोशी यांचे निधन त्याच वर्षी, स्पर्धेपूर्वी काही महिने झाले होते.

गुणलढत : या स्पर्धेसाठी तयार झालेल्या नियमांचा पाया ‘सुन्दोमे’ हे तत्त्व होते. पूर्ण वेगाने व पूर्ण निर्धाराने केलेला आघात लक्ष्याच्या किंचित अलीकडे थांबवावयाचा, असा त्याचा अर्थ. पंचांना तो आघात निर्णायक वाटला, तर ‘इप्पोन’ म्हणजे एक पूर्ण गुण दिला जाई व लढत तेथेच संपे. त्याहून किंचित उणा वाटल्यास ‘वाझा-आरी’ हा अर्धा गुण मिळे. एकाच घावात प्रतिस्पर्धी संपला पाहिजे, ही यामागील कल्पना जपानी तलवारविद्येतून आलेली आहे. तलवारीच्या बाबतीत ती रास्त ठरते. कारण धारदार पात्याचा ओझरता स्पर्शही मनुष्याला निकामी करू शकतो. मुठीचे तसे नाही. मुठीचा स्पर्श आणि मुठीचा घाव यांत फार मोठे अंतर असते. गुणलढतीने मुठीला तलवार मानले. तिचे सौंदर्य आणि तिची उणीव ही दोन्ही या गृहीतकातून उद्भवतात.

जागतिक पातळीवरील पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७० मध्ये टोकियोत झाली. पुढे एका गुणाची लढत मागे पडून अनेक गुणांची लढत रूढ झाली. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी लागू असलेल्या जागतिक महासंघाच्या नियमांनुसार लढतीची मुदत तीन मिनिटांची होती. हाताच्या आघाताला एक (युको), धडावरील लाथेला दोन (वाझा-आरी) आणि डोक्यावरील लाथेला किंवा पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेल्या आघाताला तीन (इप्पोन) गुण मिळत. आठ गुणांची आघाडी घेणारा तत्काळ विजयी ठरे. डोके, चेहरा, मान, छाती, पोट, बरगड्यांची बाजू व पाठ हीच गुणपात्र अंगे होत. जांघ, सांधे व पायाची नडगी यांवरील आघात आणि चेहऱ्यावरील उघड्या पंजाचे आघात निषिद्ध होत. गुण मिळण्यासाठी योग्य अंतर, योग्य क्षण, जोर, घाटदार हालचाल, खिलाडू वृत्ती आणि आघातानंतरही टिकलेले सावधपण म्हणजे ‘झानशिन’ यांची अपेक्षा असते. आघात प्रमाणाबाहेर जोराचा झाल्यास गुण न मिळता उलट दंड होतो.

पूर्णस्पर्शी लढत : थांबविलेला आघात खरोखर किती परिणामकारक ठरला असता, हे पंचाने कल्पनेने ठरवावे, ही गोष्ट मासुतात्सू ओयामा (१९२३–९४) यांना मान्य नव्हती. मूळचे कोरियन असलेल्या ओयामा यांनी क्योकुशिन या पंथाची स्थापना केली. १९६४ मध्ये त्याच्या संघटनेला औपचारिक रूप मिळाले व १९६९ मध्ये या पंथाची पहिली खुली अखिल जपान स्पर्धा झाली. तीत संरक्षक साधने न घालता धडावर व मांड्यांवर पूर्ण ताकदीने आघात करण्याची आणि डोक्यावर लाथ मारण्याची मुभा होती. प्रतिस्पर्धी खाली पडणे वा लढण्यास असमर्थ होणे ही विजयाची खूण होय. उघड्या मुठीने चेहऱ्यावर मारल्यास जिवाला धोका संभवतो, म्हणून चेहऱ्यावर हाताने मारण्यास मात्र मनाई करण्यात आली.

या मनाईचा परिणाम लक्षणीय आहे. चेहऱ्यावर ठोसा येणारच नाही, अशी खात्री असल्याने या पद्धतीचे लढवय्ये एकमेकांच्या छातीला छाती लागेल इतके जवळ उभे राहतात, हात खाली ठेवतात आणि ठोशांची देवाणघेवाण करतात. प्रत्यक्ष हाणामारीत पहिला ठोसा बहुधा चेहऱ्यावरच येतो. म्हणजे, वास्तवाच्या ओढीने निर्माण झालेल्या या पद्धतीनेही वास्तवाचा एक मोठा भाग वगळला आहे. मार सोसण्याची तयारी आणि बळ यांबाबत ती गुणलढतीच्या पुढे आहे. अंतर आणि चेहऱ्याचे रक्षण यांबाबत गुणलढत तिच्या पुढे आहे.

गुणलढत व प्रत्यक्ष हाणामारी : या दोहोंतील भेद पुढील बाबींत दिसून येतात.

(१) अंतर : गुणलढतीत दोघे एकमेकांच्या हातापायांच्या टप्प्याबाहेर उभे राहून आरंभ करतात आणि ते जवळ येऊन अडकले की पंच त्यांना दूर करतो. प्रत्यक्ष हल्ला बहुधा बोलण्याच्या अंतरावरून होतो. हल्लेखोर कॉलर, मनगट, केस वा पदर पकडतो, ढकलतो, भिंतीशी दाबतो. पंच जेथे ‘थांबा’ म्हणतो, तेथूनच हाणामारीला खरी सुरुवात होते.

(२) सातत्य : गुण मिळताच लढत थांबते. या सवयीमुळे एक आघात लागल्यावर हात खाली घेण्याची, पाठ फिरविण्याची वा पंचाकडे पाहण्याची प्रतिक्रिया अंगवळणी पडते. हल्लेखोर मात्र एका ठोशाने थांबत नाही. झानशिनची अट नियमांत ठेवण्यामागे हीच सवय रोखण्याचा हेतू आहे. तथापि गुणफलकाकडे लक्ष असणाऱ्या खेळाडूंत ती पुष्कळदा औपचारिक होऊन बसते.

(३) बल : ज्याने आपली मूठ नेहमी आवरली, त्याला ती सोडता येतेच असे नाही. कठीण वस्तूवर पूर्ण जोराने आघात करताना मनगट सरळ राहणे, खांदा व कंबर यांचे वजन मुठीमागे येणे, या गोष्टी जड थैलीवर वा ‘माकिवारा’ या आघातफळीवर केलेल्या सरावानेच साधतात. उघड्या मुठीने कवटीवर मारल्यास मारणाऱ्याच्याच करंगळीमागील हाड मोडण्याचा संभव असतो, हेही हातमोजे घालून खेळणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

(४) लक्ष्य : जे अंग नियमांनी सुरक्षित केलेले असते, त्याचे रक्षण करण्यास खेळाडू शिकत नाही. मांडी, गुडघा, जांघ व डोळे ही प्रत्यक्ष हाणामारीतील नेहमीची लक्ष्ये होत.

(५) परिस्थिती : आखलेले चौरस मैदान, अनवाणी पाय, सैल पोशाख, समान वजनाचा व निःशस्त्र असा एकच प्रतिस्पर्धी आणि लढतीची दोघांचीही संमती, यांपैकी एकही गोष्ट हल्ल्याच्या वेळी गृहीत धरता येत नाही. हल्लेखोर बहुधा स्वतःपेक्षा दुबळी व्यक्ती निवडतो, सोबत साथीदार वा हत्यार बाळगतो आणि अनपेक्षित क्षण साधतो.

(६) मनाची अवस्था : भीतीच्या क्षणी छातीचे ठोके वाढतात, हात थरथरतात, दृष्टी आकुंचित होते आणि बोटांच्या नाजूक हालचाली बिघडतात. गुंतागुंतीची कौशल्ये अशा वेळी दगा देतात. मोजक्या, ठळक व फार घोटलेल्या हालचाली तेवढ्या टिकतात.

टोकियो येथील अंतिम लढत : कराटेचा ऑलिंपिक सामन्यांत समावेश आतापर्यंत एकदाच, टोकियो २०२० या सामन्यांत झाला. हे सामने प्रत्यक्षात २०२१ मध्ये भरले. ७ ऑगस्ट २०२१ रोजी निप्पोन बुदोकान या सभागृहात पुरुषांच्या ७५ किग्रॅ.वरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेह याच्यावर ४–१ असा आघाडीवर असताना त्याची लाथ गंजजादेहच्या डोक्यामानेच्या भागावर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध होऊन कोसळला. आघात अनियंत्रित असल्याचा निर्णय देऊन पंचांनी हमेदीला अपात्र ठरविले. शुद्धीवर आल्यानंतर गंजजादेहला आपण सुवर्णपदक जिंकल्याचे समजले.

या निकालाने जगभर वाद माजला. लढाईच्या दृष्टीने ज्याचा निर्विवाद पराभव झाला, तो विजेता ठरला, अशी टीका करण्यात आली. नियमांच्या दृष्टीने मात्र निकाल सुसंगत होता. गुणलढतीत आघातावरील ताबा ही केवळ सौजन्याची बाब नसून त्या खेळातील मुख्य कौशल्य आहे. ज्याने ताबा गमावला, त्याने लढत गमावली. खेळाचे तर्कशास्त्र आणि युद्धाचे तर्कशास्त्र किती विरुद्ध दिशांना जाऊ शकते, हे या एका घटनेतून स्पष्ट झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांत कराटेचा समावेश नव्हता.

गुणलढतीची बाजू : वरील भेदांवरून गुणलढत निरुपयोगी ठरविणे मात्र चुकीचे होईल. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची स्थापना करताना जुन्या जुजुत्सूतील घातक डाव मुक्त सरावातून वगळले. वरवर पाहता ज्यूदो त्यामुळे सौम्य झाला. पण उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज पूर्ण जोमाने वापरता येऊ लागल्यामुळे, घातक डाव केवळ नमुन्यादाखल घोटणाऱ्या जुन्या पंथांपेक्षा ज्यूदोचे विद्यार्थी प्रत्यक्ष झुंजीत सरस ठरले, असे मानले जाते [→ ज्यूदो]. सौम्य पण विरोधासह केलेला सराव हा घातक पण विरोधाविना केलेल्या सरावाहून अधिक वास्तव असतो, हे यातून मिळणारे तत्त्व होय.

म्हणूनच ‘रस्त्यावरील खऱ्या मारामारीचे तंत्र’ म्हणून जे शिकविले जाते, त्याचीही तपासणी व्हावयास हवी. डोळ्यांत बोटे घालणे, गळ्यावर वार करणे, हातातील सुरा हिसकावणे हे प्रकार आज्ञाधारक जोडीदारावर शेकडो वेळा यशस्वी होतात, कारण तो जोडीदार विरोधच करीत नाही. गुणलढतीत निदान प्रतिस्पर्धी खरोखर फसवतो, खरोखर चुकवतो व खरोखर मारण्याचा प्रयत्न करतो. अंतराचा अंदाज, क्षणाची पारख, हल्ल्याची चाहूल आणि स्वतःवर येणाऱ्या आघाताकडे डोळे न मिटता पाहण्याची सवय तिच्यातून लागते. शोतोकान कराटेच्या परंपरेत वाढलेला ब्राझीलचा ल्योतो माचिदा याने २००९ मध्ये मिश्र युद्धकलांतील प्रतिष्ठेचे अजिंक्यपद मिळविले. दूर राहून प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ देणे व त्याच क्षणी आत शिरून मारणे, ही त्याची पद्धत त्या परंपरेतील अंतराच्या शिक्षणाशी जुळणारी होती; मात्र तिला त्याने कुस्ती, जमिनीवरील पकडी आणि पूर्ण जोराचा सराव यांची जोड दिली होती.

वास्तवाच्या आग्रहालाही किंमत मोजावी लागते. डोक्यावर वारंवार होणाऱ्या आघातांनी मेंदूला कायमची इजा होते, ही गोष्ट मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत अमेरिकेतील हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच वैद्यकीय लेखाद्वारे मांडली होती. कधीतरी होईल अशा एखाद्या हल्ल्यापासून बचाव व्हावा म्हणून दर आठवड्याला डोक्यावर मार खाणे, हा हिशोब मुलांच्या बाबतीत तर कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरत नाही.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरणे : खेळ आणि प्रत्यक्ष युद्ध यांतील हे अंतर महाराष्ट्राला अपरिचित नाही. फरी-गदगा या खेळात चामड्याची लहान ढाल (फरी) आणि चामडे चढविलेली काठी (गदगा) घेऊन दोघे लढतात. हा मुळात ढाल-तलवारीच्या लढाईचा सराव होय. ठराविक अंगांस गदगा लागला की गुण मिळतो. गदगा हा तलवारीचा प्रतिनिधी असल्यामुळे येथे स्पर्शाला घाव मानण्यात विसंगती नाही. पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) आणि विशेषतः १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्यानंतर शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले. दांडपट्टा, बोथाटी, लाठी, विटा इत्यादींची विद्या तालमींच्या व मिरवणुकींच्या आश्रयाने, विशेषतः कोल्हापूर भागात, मर्दानी खेळ या नावाने टिकून राहिली. पट्ट्याने लिंबू कापून दाखविणे हे तिच्यातील नावाजलेले प्रात्यक्षिक होय. त्यातही पात्यावरील ताबा हेच कौशल्याचे मर्म असते. परंतु प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या झुंजीपेक्षा प्रेक्षकांसमोरील प्रात्यक्षिक जसजसे प्रधान झाले, तसतसे या विद्येतील लढाऊ अंग क्षीण होत गेले. कराटेतील कातालाही हाच धोका संभवतो.

कुस्तीत हा भेद शब्दांतच उतरलेला आहे. यात्रेच्या फडात तांबड्या मातीवर प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणारी ‘निकाली’ कुस्ती आणि ठराविक मुदतीची ‘गुणांवरची’ कुस्ती यांतील फरक ग्रामीण प्रेक्षक अचूक जाणतात आणि निकाली कुस्तीलाच अधिक मान देतात. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी मातीवर तयार झालेले कौशल्य गादीवरील नियमांना जुळवून घेतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिक सामन्यांत ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले [→ कुस्ती]. नियम बदलले म्हणून विद्या नष्ट होत नाही. तिला नव्या नियमांची भाषा शिकावी लागते, असे त्यांच्या उदाहरणावरून म्हणता येते.

नंदुरबार जिल्ह्यातील (शहादा तालुका) तापीकाठचे सारंगखेडा हे गाव माणसाऐवजी घोड्याच्या संदर्भात हाच बदल दाखविते. एकमुखी दत्ताच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावी दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा सुरू होते व तीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या बाजाराची परंपरा सुमारे तीनशे वर्षांची सांगितली जाते. म्हणजे, तिचा आरंभ घोडदळाला युद्धात निर्णायक स्थान असलेल्या काळाशी भिडतो. त्या काळी घोड्याची पारख त्याचा दम, धीटपणा आणि गर्दीगोंगाटात न बुजण्याचा गुण यांवर होई. आज घोड्यांची रेवाल चाल, रूप, उंची व वाद्यांच्या तालावरील नृत्य यांना मोल येते व त्यांच्या स्पर्धाही होतात. रिंगणात डौलाने नाचणारा घोडा आणि रणात टिकणारा घोडा हे एकच असतील असे नाही. पण नाचणाऱ्या घोड्यालाही स्वाराचा इशारा ओळखणे, तोल सांभाळणे व गर्दीत स्थिर राहणे शिकावेच लागते, आणि हे गुण रणातही उपयोगी पडणारेच होते. चोखंदळ ग्राहक घोड्याचे दात व भोवरे पाहतो, नृत्य पाहतो आणि तरीही स्वतः वर बसून चालविल्यावाचून सौदा पक्का करीत नाही. गुणलढतीकडे पाहण्याची योग्य दृष्टी हीच म्हणता येईल : प्रदर्शनाला त्याची किंमत द्यावी, परंतु त्यालाच अंतिम परीक्षा मानू नये.

भारतातील प्रसार व स्वसंरक्षण : भारतात कराटेचा प्रसार मुख्यतः १९७० नंतर, मुंबईसारख्या मोठ्या शहरांतून झाला. १९७३ मधील एंटर द ड्रॅगन या चित्रपटानंतर ब्रूस ली याच्याविषयी निर्माण झालेल्या आकर्षणाने या प्रसारास गती मिळाली. वस्तुतः ब्रूस लीची विद्या चिनी कुंग-फूच्या परंपरेतील होती. पुढे शहरांबरोबर तालुक्यांच्या गावीही कराटेचे वर्ग निघाले. बहुतेक वर्गांचा अभ्यासक्रम काता, पट्ट्यांच्या परीक्षा आणि स्पर्धेतील गुणलढत यांभोवती रचलेला असतो. पालक मात्र मुलांना, विशेषतः मुलींना, तेथे घालतात ते स्वसंरक्षणाच्या अपेक्षेने. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. त्यातही कराटे व तत्सम विद्यांचा आधार घेतला जातो.

अपेक्षा आणि शिक्षण यांतील ही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ज्या मुलीने तीन महिने हवेत ठोसे मारले आणि एखादे पदकही मिळविले, तिला तिचे मनगट घट्ट धरणाऱ्या प्रौढ पुरुषाच्या पकडीचा अनुभव कदाचित कधीच आलेला नसतो. शिवाय, स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांच्या बहुसंख्य नोंदींत आरोपी हा परिचित असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल दाखवितात. शेजारी, नातेवाईक वा ओळखीचा मनुष्य समोर असतो, तेव्हा पहिला अडथळा ताकदीचा नसून संकोचाचा असतो. मोठ्याने ‘नाही’ म्हणणे, ओरडणे, निघून जाणे, घडलेले विश्वासू व्यक्तीला सांगणे ही अशा वेळची प्राथमिक कौशल्ये होत, आणि गुणलढतीच्या मैदानात किंवा पूर्णस्पर्शी लढतीतही त्यांचा सराव होत नाही. खोटा आत्मविश्वास हा अज्ञानापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

कायदेशीर मर्यादा : प्रत्यक्ष हाणामारीला पंच नसला, तरी न्यायालय असते. खाजगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार या हक्कात अंतर्भूत नाही. आघात आवरण्याची जी शिस्त सुन्दोमे शिकवितो, तिचे मोल या ठिकाणी पुन्हा प्रत्ययास येते. पळ काढणारा वा खाली पडलेला हल्लेखोर समोर असताना हात थांबविता येणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

प्रशिक्षणातील समन्वय : लढतसरावाचा प्रत्येक प्रकार कशाचा तरी त्याग करून सुरक्षित होतो. पूर्वयोजित सराव अनपेक्षितपणाचा त्याग करतो, गुणलढत बलाचा व सातत्याचा, पूर्णस्पर्शी लढत चेहऱ्यावरील ठोशांचा, तर संरक्षक साधनांची लढत वेदनेच्या जाणिवेचा. कोणताही एक प्रकार संपूर्ण नाही; परंतु एकाने वगळलेले दुसऱ्यात सापडते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक ते आळीपाळीने वापरतात. वेग व क्षणाची पारख यांसाठी गुणलढत. बलासाठी थैली व आघातफळी. पकडींसाठी झोंबीचा, जमिनीवरील सुटकेचा सराव. आणि प्रौढ विद्यार्थ्यांसाठी संरक्षक पोशाख घातलेल्या ‘हल्लेखोरा’बरोबर, बोलाचालीपासून सुटकेपर्यंतचा प्रसंग उभा करून केलेला सराव, अशी योजना उपयुक्त ठरते. मुलांच्या बाबतीत डोक्यावरील आघात टाळून खेळाचे अंगच प्रधान ठेवणे इष्ट होय.

यांपैकी कोणता सराव कशासाठी आहे, हे विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगणे ही प्रशिक्षकाची मुख्य जबाबदारी असते. खेळ म्हणून शिकविलेल्या गुणलढतीत न्यूनत्व काही नाही. ती चपळता, संयम आणि निर्भयता देते. दोष उत्पन्न होतो तो खेळाच्या पदकाला संरक्षणाची हमी मानल्याने. मूठ आवरावयास आणि मूठ सोडावयास या दोन्ही गोष्टी शिकविणे, आणि त्या दोहोंपैकी काहीही करण्याची वेळ येण्यापूर्वी तेथून दूर होण्याचे शहाणपण देणे, यातच कुमितेच्या शिक्षणाची पूर्तता आहे.